पाठमोरी

२ मे

आले एकदाची नुकुमोआना बेटावर! अख्खा दिवस बोटीत गेला. डुकराची दोन पिल्लं, कुणाची तरी नवी गादी, पावांचे खोके आणि मी, सगळे एकाच ताडपत्रीखाली. मधल्या उघड्या समुद्रात लाटा उसळल्या तेव्हा माणसांनी आळीपाळीने काठावरून माना बाहेर काढल्या. डुकरं मात्र स्वस्थ झोपून होती. खलाशी म्हणाला, राजधानीची माणसं चढली की मी डुकरांच्या बाजूला उभा राहतो, तिकडे घाण कमी होते.

किनाऱ्यावर अकानेसी आत्या उभी होती. बाबांची चुलतबहीण. आजीच्या मयताला पाहिली होती तशीच आहे, रुंद खांदे, कमरेला आमच्या रीतीप्रमाणे गुंडाळलेली जुनी चटई, कानामागे फूल नाही. तिने माझ्या गालाला नाक लावून खोल श्वास घेतला आणि माझं थोबाड थेट भावाचं आहे, पण हाडं कुणाची घेऊन आले, असं विचारलं. न्यूझीलंडात इतकं शिकवतात आणि जेवायला घालत नाहीत का, हेही विचारलं. सामान तानिएलाने उचललं. तिचा मुलगा. आतेभाऊ म्हणजे आमच्याकडे सख्ख्या भावाच्याच जागी, आणि वयात आलेल्या भावाबहिणींनी एकमेकांकडे बघायचं नाही, बोलायचं नाही, एका छपराखाली झोपायचं नाही, तेव्हा त्याने माझ्याकडे मान वर करून पाहिलं नाही, मीही पाहिलं नाही. घरात बहीण येणार म्हणून त्याने आपलं अंथरूण आधीच चर्चच्या पडवीत नेलं आहे.

घर छोटं, पत्र्याचं. मागे वेगळी स्वयंपाकाची खोप. मला समुद्राकडची खोली दिली आहे, पलंगावर नवी गोधडी. या खोलीत आधी कोण राहायचं ते मी विचारलं नाही. आत्याची मुलगी नाइते दोन वर्षांपूर्वी वारली एवढं आमच्या सगळ्या नातेवाइकांना ठाऊक आहे. कशी वारली, ते कुणी काढत नाही.

जेवायला लू होतं, नारळाच्या दुधात शिजलेली अळूची पानं, आत खारं मांस. दोनदा वाढून घेतलं. ब्रॅडवेल बाई, म्हणजे माझ्या प्रबंधाच्या गाइड, सांगतात की टिपणं वेगळी ठेवावीत आणि रोजनिशी वेगळी; टिपणांत लोक असावेत, रोजनिशीत आपण. तर आपण आज फार सुखात आहोत.

११ मे

रोज सकाळी बायकांच्या विणायच्या घरात बसते. केवड्याच्या वाळलेल्या पाती, खोबरेल आणि गप्पा. माझी पात दर वेळी तिरकी जाते. लोसे आजी, तिथली सगळ्यांत म्हातारी, ती उसवते, हसते आणि परत माझ्या हातात देते. पहिल्याच दिवशी तिने लुगडं वर करून गुडघा पुढे केला होता. डॉक्टर होणार ना तू, मग बघ. मी म्हटलं, आजी, मी त्यातली डॉक्टर नाही, माणसांच्या चालीरीतींची. ती म्हणाली, "माणसाचाच गुडघा आहे हा, बकरीचा नाही." तेव्हापासून मला सगळ्या 'गुडघ्याची डॉक्टर' म्हणतात.

माझा विषय त्यांना माहीत आहे. लाज. आमच्या भाषेत त्याला एकच अक्षर पुरतं, मा. प्रबंधाला मात्र तीनशे पानं लागतात. विषय सांगितल्यावर सगळ्या गोड हसल्या आणि लाजेची एकेक गोष्ट सांगू लागल्या: कुणाची चटई मिरवणुकीत सुटली, कोण पाद्र्याच्या प्रार्थनेत घोरला. मी सगळं लिहून घेतलं. संध्याकाळी वाचलं तेव्हा कळलं, यांतली एकही गोष्ट कुणाला दुखलेली नाही.

२३ मे

शाळेमागे पाण्याच्या टाकीचा उंचवटा आहे, तिथेच काय तो फोन लागतो. ब्रॅडवेल बाईंशी बोलले. त्या रागावत नाहीत, तेच अवघड जातं. म्हणाल्या, पाठवलंस ते छान आहे, पण तू मला ओसरीवरच बसवून ठेवलं आहेस. आत काय शिजतंय ते कधी दाखवणार? जूनमध्ये संशोधन समितीपुढे एक तरी खरं प्रकरण ठेवावं लागेल, नाहीतर समिती विषयच बदलायला सांगेल. शेवटी म्हणाल्या, तू त्यांच्यातलीच आहेस म्हणून तर तुला हा विषय दिला.

उंचवट्यावरून उतरताना हे वाक्य पायात येत होतं. मी त्यांच्यातली आहे, म्हणून मला ते कळतं. आणि मी त्यांच्यातली आहे, म्हणूनच मी ते विचारू शकत नाही.

घरी आले तर आत्याने माझे कपडे धुऊन वाळत घातले होते. आमच्यात आत्याचं उष्टंही भाचीने खायचं नाही, इतका तिचा मान. आणि ती माझे परकर पिळत होती. मी ओशाळून म्हटलं, मी धुतले असते. ती म्हणाली, खूप दिवसांनी या दोरीवर पोरीचे कपडे आहेत, राहू दे.

४ जून

आज आत्याने सांगितलं. मी विचारलं नव्हतं, हे मला इथे लिहून ठेवायचं आहे.

दुपारी आम्ही दोघी खोपीत होतो. मी नारळ खवत होते, ती चोथ्यातून दूध पिळत होती. ती हात न थांबवता बोलू लागली.

नाइते राजधानीला शिकत होती. तिथल्या एका मुलाने तिची चित्रफीत काढली, कशी ते आत्याने सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. तो मुलगा तिच्यावर चिडला आणि ती फोनाफोनांतून फिरली. इथे गावात पुरुष कावा, म्हणजे मुळ्या कुटून केलेलं गुंगीचं पेय, प्यायला बसले होते. कुणी तरी फोन पुढे केला, हातोहात फिरत तो तानिएलापर्यंत आला. सख्ख्या भावाने, चार पुरुषांत बसून, आपल्या बहिणीला तसं पाहिलं. तो उठला, त्याची वाटी तिथेच राहिली.

नाइते पुढच्या बोटीने घरी आली. कुणी तिला एक शब्द बोललं नाही. आपली रीतच आहे ती, आत्या म्हणाली. ज्याची लाज गेली त्याच्याकडे बघायचं नाही, त्याला आणखी लाजवायचं नाही. बायका वाटेत भेटल्या की खाली बघत. चर्चमध्ये पुढच्या रांगेतल्या मागे वळत नसत. लोसे आजी तिच्याशी बोले, पण पातींकडे बघत. सगळ्यांनी फार जपलं तिला. इतकं की कित्येक आठवडे त्या पोरीच्या तोंडाकडे कुणी पाहिलं नाही.

मग आत्याचे हात थांबले. एक दिवस ती या खोपीच्या दारात येऊन उभी राहिली, आत्या म्हणाली. आई, एकदा माझ्याकडे बघ, म्हणाली. मी असंच दूध पिळत होते. मला वाटलं, आत्ता वर बघितलं तर माझ्या डोळ्यांत तिला तेच दिसेल. मी मान वर केली नाही. थोड्या वेळाने दारातला उजेड मोकळा झाला.

ती ओहोटीला खडकांवरून चालत गेली होती. प्रवाळातल्या खिंडीपाशी, जिथून बाहेरच्या समुद्राला वाट फुटते तिथे, सापडली. पाण्यात उभीच होती, केस प्रवाळात अडकलेले, तोंड बाहेरच्या समुद्राकडे.

मी आत्याचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला नाही. मग माझ्याकडे नीट बघत म्हणाली, "हे तुझ्या कागदांत नको, लेसिएली. तू शिकतेस म्हणून नाही सांगितलं. या घरात राहतेस म्हणून सांगितलं."

मी हो म्हटलं. लगेच म्हटलं, विचारही न करता.

९ जून

लिहिलं.

नावं बदलली आहेत. बेट बदललं आहे. चित्रफितीऐवजी पत्र केलं होतं, पण मग भावाच्या वाटीचा काही अर्थ राहीना, म्हणून परत चित्रफीत केली. खोप तीच ठेवली. दूध पिळणंही. तिथेच तर सगळं आहे. सगळ्यांप्रमाणे आत्यानेही सुरुवातीलाच मुलाखतींना संमती दिलेली आहे. आणि हे नाइतेच्याच बाजूने आहे. जगाला कळायला नको, सभ्यपणाने माणूस कसं मरतं ते?

हे सगळं मी आज दिवसभर स्वतःला इतक्या वेळा सांगितलं आहे की पाठ झालं. टाकीवर जाऊन पाठवून दिलं. येताना आत्यासाठी पाव घेतला. का घेतला, ते मला चांगलं ठाऊक आहे.

१६ जून

ब्रॅडवेल बाईंनी स्वतः फोन केला. आवाज भरून आला होता. इतक्या वर्षांत कुठल्या विद्यार्थ्याचं असं प्रकरण वाचलं नाही म्हणाल्या. समितीने एकमताने उचलून धरलं. त्यांनी मला न विचारता, विचारायला सिग्नल कुठे होता, ते एका नियतकालिकाकडे पाठवलं, आणि तिथल्या संपादकांनी ते याच महिन्याच्या अंकात घेतलंसुद्धा. खोपीच्या दारातला प्रसंग त्यांनी एका सभेत वाचून दाखवला. लोक रडले.

मी टाकीच्या कट्ट्यावर बसून हसत होते. हसू आवरेना. मग खाली गावाकडे पाहिलं, आमच्या खोपीतून धूर निघत होता, आणि हसू तोंडावर तसंच राहिलं, काढता येईना.

रात्री जेवायला लू होतं. म्हटलं, पोट बरं नाही.

२१ जून, रविवार

चर्चमध्ये माझ्या पुढच्या रांगेत एक बाई बसली होती. सगळ्या बायकांचे केस तेल लावून घट्ट बांधलेले. हिचे मोकळे, ओले, पाठीला चिकटलेले. पाणी गळून कमरेच्या चटईत मुरत होतं. रविवारी आमच्याकडे कुणी समुद्रात पायही बुडवत नाही, तेव्हा मला वाटलं, कुणी शहरातली आली असेल. भजनाला सगळे उठले. ती उठली नाही. लोसे आजीला विचारायला बाजूला वळले, आजी नातवंडाला दटावत होती. परत पुढे पाहिलं तर बाकावर नुसती ओल.

कुणाचं तरी पाणी सांडलं असेल. झोप नीट होत नाहीये.

२४ जून

ओहोटी. बायका खडकांवर शिंपले वेचायला गेल्या, मीही गेले. ऊन इतकं पांढरं की डोळे उघडवेनात. सगळ्या वाकलेल्या, माझ्याकडे पाठ. मी हाक मारली. त्यांनी उत्तरं दिली, गुडघ्याची डॉक्टर आली म्हणून चिडवलंही, पण मागे वळून एकीनेही पाहिलं नाही. आणि सगळ्यांच्या पलीकडे, पार खिंडीपाशी, एक सरळ उभी होती. समुद्राकडे तोंड करून.

परतल्यावर लोसे आजीला विचारलं, ती लांबची कोण होती. आजी शिंपले निवडत होती, तिची पाठ माझ्याकडे. ती म्हणाली, तिकडे आता कुणी जात नाही.

मी तिच्यासमोर जायला वळसा घातला. समोर गेले तरी पाठच होती. ती फिरली असणार. एवढी म्हातारी, इतक्या चटकन.

२६ जून

त्यांना कळलं आहे.

दुसरं काय असणार. आमची माणसं ऑकलंडात आहेत, सिडनीत आहेत. सभेत कुणी तरी बसलं असेल, घरी फोन केला असेल. विणायच्या घरात गेले तर सगळ्या पाठी. आवाज नेहमीचे, थट्टा नेहमीची, अगदी माझ्या तिरक्या पातीबद्दलही बोलल्या. पण तोंड एकीचं दिसेना. मी इकडून बसले, तिकडून बसले. केसांचे अंबाडे, माना, खांदे.

ही आपली रीतच आहे. मला आणखी लाजवायचं नाही म्हणून.

असं जपणं कसं असतं ते मी लिहिलं होतं. चांगलं लिहिलं होतं, सगळे म्हणाले. मला काहीच ठाऊक नव्हतं. अंगावरची कातडी कुणी तरी मायेने, हळूहळू काढून घ्यावी तसं असतं. ओरडायलाही जागा नाही. माझी लायकीच ती आहे.

२७ जून

भर दुपारी. खोपीच्या दारात उभी होती. आत्या नव्हती, आत्या विणायला गेली होती.

पाठ माझ्याकडे. केसांतून पाणी. केसांत बारीक हिरवं शेवाळ अडकलेलं. उन्हात तिची सावली पडली होती, म्हणजे भास नव्हे. मला बोलायचं होतं. चूक झाली एवढंच. तोंड उघडलं तर आधी मनात आलं, हे टिपून ठेवायला हवं.

हे मनात आलं, हे मी लिहिते आहे कारण मला याची सगळ्यांत जास्त लाज वाटते.

चर्चमध्ये तिची नुसती पाठ दिसली होती. आज ती किंचित वळलेली होती. कानाची पाळी दिसली. गालाची कड.

२९ जून

ब्रॅडवेल बाईंचा फोन, चित्रासह. बोलायचं ठरवून गेले होते, की प्रकरण मागे घ्या.

त्या हसल्या. म्हणाल्या, लेसिएली, फोन उलटा धरला आहेस का, नुसते केस दिसताहेत, तोंड कर इकडे. मी म्हटलं, बाई, मी तुमच्याकडेच बघतेय. त्या म्हणाल्या, नाही गं, पाठ आहे तुझी. पोहून आलीस का?

कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत मी दिसते. मी पाहिलं. डोक्याची मागची बाजू. केस ओले.

चित्र अडकलं असेल, म्हटलं. हात हलवला. चौकटीतला हात हलला.

फोन बंद केला. प्रकरणाचं बोलायचं राहिलं. की मी मुद्दाम —

३० जून

आत्या माझ्या खोलीत आली. ती बोलली तशीच लिहिते.

म्हणाली, पोरी, आमचं काही चुकलं का? सगळं गाव विचारतंय, तुझी भाची रुसली का. बोलायला गेलं की पाठ फिरवते. समोर गेलं तर पुन्हा फिरते. लोसे रडली काल, म्हणाली मी तिच्या विणण्याला फार हसले वाटतं.

मग म्हणाली, "आठवडा झाला मी तुझं तोंड पाहिलं नाही, लेसिएली."

मी तिच्या पाठीकडे बघत होते. ती माझ्या पाठीशी बोलत होती.

त्यांना काही कळलेलं नाही. कुणालाच नाही. ते सगळे माझ्याकडेच बघताहेत, रोज, मायेने.

तोंड फिरलं आहे ते माझं.

१ जुलै

पळत टाकीवर गेले. चित्र न लावता बोलले. मागे घ्या म्हटलं, आत्याला शब्द दिला होता, तो मोडला. बाई म्हणाल्या, छापून झालं आहे. नावं बदललेली आहेत, कुणाचं नुकसान होत नाही. क्षेत्रकार्यात सगळ्यांना असं अपराधी वाटतं, त्यावरही एक प्रकरण लिही.

मला रागही आला नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

दुपारी

सांगितलं. खोपीत, ती दूध पिळत असताना. सगळं. लिहिलं, पाठवलं, लोक रडले, मी हसले. जे जे ती मला म्हणाली होती ते सभेत वाचलं गेलं.

पिळायचा आवाज थांबला.

आत्या म्हणाली, मी ऐकलं. पण भिंतीकडे तोंड करून सांगितलंस तू. माझ्याकडे बघून सांग.

मी तिच्याकडेच बघत होते. मी शपथेवर सांगितलं, आत्या, मी तुझ्याकडेच बघतेय. तिने मला धरून फिरवलं. तिचे हात खांद्यांवर लागले, गरम, नारळाच्या दुधाचे. फिरवलं तरी माझ्यासमोर तिची पाठच.

ती बाहेर निघून गेली. शिव्या देईल असं वाटलं होतं. शिव्या दिल्या असत्या तर बरं —

खोपीत मी एकटी नव्हते. पाण्याचे थेंब राखेत पडत होते. मी पाहिलं नाही. आता नाकाचं टोक दिसत असेल.

२ जुलै, सकाळ

उंबऱ्यावर इफीच्या झाडाच्या पानांची माळ ठेवलेली होती. तानिएलाने ठेवली असणार, वाळूत त्याचीच पावलं. म्हणजे आईने त्याला सांगितलं. तोंडाने तो मला काही सांगू शकत नाही, म्हणून पानं.

आमच्यात मोठा अपराध झाला की फाटकी चटई गुंडाळून, गळ्यात ही पानं घालून, ज्याचा अपराध केला त्याच्या दारात मान खाली घालून बसायचं. क्षमा केली तर तो माणूस येऊन माळ काढतो. नाही केली तर बसून राहायचं. राजांसमोर बसत असत असं. मी यावर एक टिपणही केलं आहे, आले त्याच महिन्यात.

बसले आहे. अंगणात, उन्हात. वही चटईखाली, मांडीवर. क्षमा मागायला बसले आहे आणि हातात पेन आहे. सोडवत नाही. बोटं ऐकत नाहीत.

तसंच, ऊन चढलंय

गाव कुंपणापाशी उभं आहे. आवाज नाहीत. लोसे आजी रडते आहे, तिचं रडणं ओळखू येतं. आत्या घरात आहे. दार लोटलेलं.

मान खाली. मला फक्त वाळू दिसते. माझे गुडघे.

वाळू ओली होते आहे. माझ्यासमोरची.

पाय. अनवाणी, सुरकुतलेले, पांढरे. पाण्यात फार वेळ राहिल्यासारखे. टाचा माझ्याकडे.

मी बघते आहे. नाइते, चूक झाली, असं मी म्हणते आहे. मोठ्याने म्हणते आहे. तोंडातून खारं पाणी —

दार उघडलं. भुवयांखालून दिसतं. आत्या. आत्याचं तोंड दिसलं, इतक्या दिवसांनी तोंड दिसलं कुणाचं तरी. ती बघते आहे. मान वर करून, डोळे उघडे ठेवून, बघते आहे. माझ्याकडे नाही —

कुंपणापाशी कुणी हुंकारलं. तानिएला. त्यालाही दिसते आहे.

आत्याने हाक मारली. माझं नाव नव्हतं.

टाचा वळताहेत. वाळूत घासत, सावकाश. आणि माझी मान, मी हलवत नाही, मी नाही हलवत, तिच्याबरोबर वर —

तोंड म्हणजे हे तर मा